काळी कुपी, पिवळा थेंब : घरगुती पाणी तपासणी संचाचे परीक्षण

ग्वाल्हेरच्या लष्कर या भागातल्या जिवाजीगंजमध्ये, आमच्या जुन्या वाड्याच्या पडवीत, मी गेली नऊ वर्षे विद्यार्थ्यांची खानावळ चालवते. दुपारी डबे जातात आणि रात्री चौदा मुले आमच्याकडेच जेवायला बसतात. गेल्या ऑगस्टमध्ये त्यांपैकी चौघांची पोटे एकाच आठवड्यात बिघडली आणि पाठोपाठ माझ्या सासूबाईही जुलाबांनी अंथरुणाला खिळल्या. भाजी, दही, तेल असे एकेक करून सगळे पारखून झाल्यावर संशय पाण्यावर आला. जे पाणी मी रोज चौदा ताटांशेजारी ठेवते, ते स्वच्छ दिसते आणि त्याला वास येत नाही, यापलीकडे त्याविषयी मला काहीही सांगता येत नव्हते, हे तेव्हा माझ्या लक्षात आले आणि मनाला फार लागले. म्हणून पाणी तपासण्याचा घरगुती संच मागवला. पाच महिने तो वापरल्यावर हे परीक्षण लिहीत आहे. उत्पादकाचे नाव देत नाही, कारण याच रचनेचे संच अनेक कंपन्या विकतात आणि पुढे लिहिलेले गुणदोष थोड्याफार फरकाने त्या सर्वांना लागू पडतील.

संच हाती येण्याच्या दोन दिवस आधी आर.ओ. यंत्रांचा एक विक्रेता दारात आला होता. त्याच्या प्रात्यक्षिकाविषयी आधी लिहिले पाहिजे, कारण बहुतेक घरांत पाण्याची तपासणी म्हणून तेवढेच घडते. त्याने आमच्या पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा, पेनासारखा टीडीएस मीटर बुडवला आणि १९० हा आकडा दाखवला; त्याच्या यंत्रातून काढलेल्या पाण्यात तो आकडा ३५ आला. मग त्याने दोन्ही पेल्यांत विजेवर चालणारे, चार दांड्यांचे एक उपकरण सोडले. मिनिटभरात आमच्या पेल्यात तपकिरी-हिरवट गाळ साचला आणि त्याचा पेला निर्मळ राहिला. सासूबाई घाबरून म्हणाल्या, "अगं, हे पाणी आपण मुलांना देतो?" मीही त्या क्षणी घाबरले होते. नंतर वाचून समजले की तो गाळ आमच्या पाण्यातला नव्हताच. त्या उपकरणात लोखंडाच्या आणि ॲल्युमिनियमच्या दांड्या असतात. पाण्यात क्षार असले की त्यातून वीज वाहते, दांडीचे लोखंड झिजून पाण्यात उतरते आणि त्याचाच गाळ तयार होतो. क्षार काढून टाकलेल्या पाण्यातून वीज जेमतेम वाहते, म्हणून ते पाणी जसेच्या तसे राहते. त्याच्या पेल्यात चिमूटभर मीठ टाकले असते, तर तिथेही तसाच गाळ दिसला असता.

टीडीएस मीटरचीही मर्यादा समजून घेतली पाहिजे. तो पाण्याची विद्युतवाहकता मोजतो, तिला एका ठरावीक गुणकाने गुणतो आणि विरघळलेल्या क्षारांचा अंदाज सांगतो. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस १०५०० या २०१२ च्या मानकात हे प्रमाण लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत योग्य मानले आहे आणि दुसरा स्रोत उपलब्ध नसेल तर २,००० पर्यंत चालवून घेतले आहे. म्हणजे आमचे १९० चे पाणी क्षारांच्या बाबतीत उत्तमच होते. पण त्याच पाण्यात मैलापाण्याचा एखादा पेला मिसळला तरी मीटरवरचा आकडा जवळपास हलत नाही, कारण जंतू मीटरला दिसत नाहीत. शिसे किंवा आर्सेनिक यांची मानकातली मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे, म्हणजे ५०० च्या पन्नास हजाराव्या हिश्श्याएवढी. एवढी बारीक गोष्ट तो पेन पकडूच शकत नाही. चार मुलांना ज्याने आजारी पाडले असेल, त्याची खबर देणारे साधन वेगळे असायला हवे होते.

आता संचाविषयी. निळ्या रंगाच्या प्लास्टिकच्या पेटीत तेरा-चौदा छोट्या बाटल्या, काचेच्या चार नळ्या, एक ड्रॉपर, रंगांचे तक्ते आणि वेगळ्या पाकिटात जंतू तपासण्याच्या दहा कुप्या, असा एकूण ऐवज आहे. किंमत अडीच हजारांच्या आत पडली. सामू (पीएच), गढूळपणा, काठिण्य, क्षारता, क्लोराइड, लोह, फ्लोराइड, नायट्रेट आणि शिल्लक क्लोरीन एवढ्या गोष्टी यात तपासता येतात. २०१९ साली सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये गावोगावी पाच-पाच स्त्रियांना ज्या संचांचे प्रशिक्षण देण्याची योजना आहे, त्यांचीही घडण साधारण अशीच असते. स्वयंपाकघरात मोजूनमापून काम करणाऱ्या बाईला यातले काहीच अवघड नाही. थेंब मोजायचे, नळी हलवायची आणि रंग पाहायचा, एवढेच काम असते. मात्र घाई चालत नाही आणि नळी आधीच्या तपासणीनंतर नीट विसळली नसेल तर पुढचा निकाल चुकतो, हे मी दोनदा चुकून शिकले.

माझ्या मते या पेटीतली सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे ती जंतूंची कुपी. आत कागदाची एक पट्टी असते आणि तिच्यावर जंतूंचे खाद्य, थायोसल्फेट आणि लोहाचा एक क्षार वाळवून ठेवलेला असतो. कुपीवरच्या खुणेपर्यंत, म्हणजे २० मिलिलिटर पाणी भरायचे, झाकण लावायचे आणि ती ३० ते ३७ अंश तापमानात एक ते दोन दिवस ठेवायची. आतड्यात राहणारे अनेक जंतू हायड्रोजन सल्फाइड वायू तयार करतात. तो वायू लोहाशी संयोग पावला की पाणी शाईसारखे काळे होते. पाण्यात विष्ठेचा अंश पोहोचला असण्याची ती खूण असते. ही युक्ती आमच्याच गावची आहे, हे मला संच घेतल्यावर कळले. झाशी रोडवरच्या संरक्षण संशोधन आणि विकास आस्थापनेतील मांजा, मौर्य आणि राव या संशोधकांनी ही सोपी चाचणी तयार केली आणि १९८२ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या बुलेटिनमध्ये ती प्रसिद्ध झाली. जिथे प्रयोगशाळा नाही, वीज नाही, तिथेही चालेल अशी चाचणी त्यांना हवी होती, आणि पुढे ती अनेक देशांत वापरली गेली. ज्या रस्त्याने मी नेहमी जाते, त्या रस्त्यावर हे काम झाले याचा मला मनापासून अभिमान वाटला. सूर्यकुंडाच्या पाण्याने राजा सूरजसेनाचा कुष्ठरोग बरा झाला आणि ते पाणी देणाऱ्या ग्वालिपा साधूवरून या शहराला नाव मिळाले, ही कथा इथल्या प्रत्येक मुलाला घरात सांगितली जाते. मांजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांची गोष्टही तिच्या जोडीने सांगायला हवी.

पहिल्या फेरीत मी पाच नमुने घेतले. पहिला, पाणी सुटताच नळाला आलेल्या पहिल्या धारेचा. दुसरा, त्याच नळाचा, पण दहा मिनिटे वाहून गेल्यानंतरचा. तिसरा अंगणातल्या हौदाचा, चौथा गच्चीवरच्या टाकीचा आणि पाचवा उकळून थंड केलेल्या पाण्याचा. हा पाचवा नमुना प्रत्येकाने घ्यावाच, असा माझा आग्रह आहे. तो काळा झाला तर दोष पाण्याचा नसून आपल्या हाताळणीचा आहे, हे लगेच कळते. दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीची कुपी काळी ठिक्कर होती. दुपारपर्यंत हौदाची आणि पहिल्या धारेची कुपीही काळी पडली. दहा मिनिटांनंतरचा नमुना आणि उकळलेले पाणी दोन दिवसांनंतरही तसेच पिवळसर राहिले. खिडकीच्या कठड्यावर ओळीने ठेवलेल्या त्या पाच कुप्या पाहून सासूबाईंनी काही न बोलता माठातले पाणी मोरीत ओतून दिले.

कुपीने काय झाले ते सांगितले, पण कसे झाले ते क्लोरीनच्या चाचणीने दाखवले. ही चाचणी अर्ध्या मिनिटात होते. नळीत पाणी घ्यायचे, ऑर्थोटोलिडीनचे काही थेंब टाकायचे आणि दहा सेकंदांच्या आत पिवळा रंग तक्त्याशी ताडून पाहायचा. उशीर केला तर रंग गडद होत जातो, कारण दुसऱ्या पदार्थांशी जोडला गेलेला, फारसा कामाचा न उरलेला क्लोरीनही त्यात मोजला जातो. मानकाप्रमाणे आपल्या नळापर्यंत आलेल्या पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असायला हवा. आमच्या नळाच्या दहा मिनिटांनंतरच्या पाण्यात रंग ०.२ आणि ०.५ यांच्या मध्ये आला. पहिल्या धारेत रंग नव्हता, हौदात नव्हता, टाकीतही नव्हता. जिथे पिवळा रंग उमटला, तिथे कुपी काळी झाली नाही, आणि जिथे तो उमटला नाही, त्या तिन्ही ठिकाणी ती काळी झाली.

ग्वाल्हेरला पाणी मुख्यतः तिघ्रा धरणातून येते. सांक नदीवरचे हे धरण १९१६ साली बांधले गेले, आणि विश्वेश्वरय्यांनी पुण्याजवळच्या खडकवासल्याला १९०३ मध्ये बसवलेल्या स्वयंचलित दरवाजांची रचना पुढे इथेही वापरली गेली. मोतीझील येथील केंद्रात तुरटीने गाळ खाली बसवून, पाणी वाळूच्या थरांतून गाळून, शेवटी त्यात क्लोरीन मिसळला जातो. हा शेवटचा क्लोरीन केवळ केंद्रातल्या जंतूंसाठी नसतो. वाटेत कुठे घाण शिरली तर तिच्याशी झगडण्यासाठी तो शिदोरीसारखा पाण्याबरोबर दिलेला असतो. वाटेत घाण जास्त भेटली की शिदोरी संपते. आमच्याकडे ती नळापर्यंत पुरत होती आणि हौदात येऊन संपत होती, हे त्या रंगहीन नळीने दाखवले.

नळाला चोवीस तास पाणी नसलेल्या कोणत्याही शहरात पहिल्या धारेची गोष्ट सारखीच असते. पाणी बंद झाले की नळवाहिनीतला दाब संपतो, आणि वाहिनीला जिथे भेग किंवा ढिला सांधा असेल तिथून आजूबाजूचे पाणी आत झिरपते. वाहिनी गटारातून गेलेली असेल, तर आत झिरपणारे पाणी गटाराचेच असते. त्यातच आमच्या गल्लीत बहुतेक घरांनी टुल्लू पंप थेट नळाच्या लाइनीवर बसवले आहेत. पंप सुरू झाला की तो वाहिनीतून ओढतो, आणि वाहिनीत पाणी कमी असेल तर भेगांतून जे मिळेल ते ओढतो. आमच्याकडेही असाच पंप होता. शेजाऱ्यांच्या घरी येणाऱ्या पाण्यात आमच्या पंपाने किती वेळा गटार ओढले असेल, या विचाराने मला अनेक दिवस अस्वस्थ केले. प्लंबरने अंगणाबाहेरची फरशी उचलली आणि सासूबाईंना म्हणाला, "माताजी, पाइप तो पूरा नाली में ही पड़ा है।" आमच्या घराकडे येणारा लोखंडी पाइप खरोखरच गटाराच्या तळाशी होता आणि एका सांध्याला गंजून छिद्र पडले होते. तो पाइप बदलून वरून नेला, पंप लाइनीवरून काढून हौदानंतर बसवला. गल्लीतल्या मुख्य वाहिनीच्या गळतीची तक्रार मात्र तीनदा करावी लागली आणि दुरुस्ती व्हायला सात आठवडे गेले. तिसऱ्या वेळी मी काळ्या कुप्यांचे फोटो सोबत दिले होते.

हौदाचा दोष सर्वस्वी आमचा होता. त्याचे झाकण अंगणाच्या पातळीला होते आणि त्याला बोटभर फट होती. भांडी घासण्याची मोरी तिथून चार हातांवर. पावसात अंगणातले पाणी सरळ आत जात असणार. हौद उपसून घासला, झाकण वीतभर उंच करून घेतले, कडक ब्लीचिंगचे पाणी रात्रभर ठेवून सकाळी सोडून दिले. त्यानंतर भरलेल्या पाण्यात क्लोरीनची चाचणी केली तर नळीत पिवळ्याऐवजी नारिंगी रंग आला, म्हणजे ब्लीचिंग प्रमाणाबाहेर उरले होते. हौद पुन्हा एकदा रिकामा करावा लागला. संच नसता तर तेच पाणी आम्ही प्यायलो असतो.

दुसऱ्या फेरीत हौद आणि टाकी दोन्ही निर्दोष निघाले, आणि माठाची कुपी मात्र पुन्हा काळी झाली. मला आधी विश्वासच बसला नाही. मग रात्री जेवणाच्या वेळी लक्ष ठेवले तेव्हा कारण दिसले. मुले येताजाता माठात पेला बुडवून पाणी घेत होती, आणि बुडवणाऱ्या प्रत्येक हाताची बोटे पाण्याला लागत होती. आता माठाला तोटी बसवली आहे आणि लांब दांड्याचे ओगराळे वेगळे टांगले आहे. त्यानंतर घेतलेला नमुना स्वच्छ आला. पाण्याच्या शुद्धीकरणावर जितके बोलले जाते, त्याच्या निम्मेही घरातल्या साठवणीवर बोलले जात नाही, आणि माझ्या अनुभवात दोषाची अर्धी कारणे उंबऱ्याच्या आत होती. क्लोरीन उडून गेलेल्या पाण्याचे हेच होते. आर.ओ. यंत्राच्या टाकीत साठलेल्या पाण्यातही शिल्लक क्लोरीन नसतो, त्यामुळे ती टाकी वेळेवर साफ झाली नाही तर तिथेही जंतू वाढू शकतात. शिवाय घरगुती आर.ओ. एक लिटर पाणी देताना सुमारे तीन लिटर वाया घालवतो, हे उन्हाळ्यात बादल्या मोजणाऱ्या घराने ध्यानात ठेवावे. १९० क्षारांच्या पाण्याला त्या यंत्राची गरज नाही, असा निर्णय मी घेतला.

घरात सर्वांत मोठा बदल वासाच्या बाबतीत झाला. पाण्याला ब्लीचिंगचा वास आला की सासूबाई म्हणायच्या, "आज औषध टाकलंय, आज नळाचं नको, कालचं भरलेलं प्या." वर्षानुवर्षे आम्ही सगळ्यांत सुरक्षित पाणी टाळून कालचे, शिळे, निराधार पाणी पीत होतो. आता त्या स्वतः सकाळी नळीत थेंब टाकतात आणि पिवळा रंग आला की मला हाक मारून दाखवतात. पाणी तासभर उघड्या भांड्यात ठेवले की वास बराच कमी होतो, एवढी तडजोड आम्ही केली आहे.

संचातल्या बाकीच्या चाचण्या आमच्या नळासाठी फारशा उपयोगी पडल्या नाहीत. सामू, लोह, फ्लोराइड सगळे मर्यादेत आले. शेजारच्या बोअरच्या पाण्याने मात्र वेगळे चित्र दाखवले. काठिण्याच्या चाचणीत द्राक्षाच्या रंगाचे पाणी निळे होईपर्यंत थेंब मोजायचे असतात, आणि या संचात एक थेंब म्हणजे लिटरला २५ मिलिग्रॅम. आमच्या नळाला पाच थेंब लागले, त्यांच्या बोअरला बावीस. समोरच्या काकूंची तुरीची डाळ कुकरच्या सहा शिट्ट्यांनंतरही का टणक राहते, याचे उत्तर तिथे मिळाले. कठीण पाण्यातला कॅल्शियम डाळीच्या गरातल्या पेक्टिनला, म्हणजे दाणा जोडून ठेवणाऱ्या घटकाला, धरून ठेवतो आणि दाणा फुटत नाही. त्या जेव्हा नळाच्या पाण्यात डाळ लावू लागल्या, तेव्हा तीन शिट्ट्या पुरल्या. काठिण्याने तब्येतीला विशेष धोका नाही, पण त्याच बोअरच्या नायट्रेटच्या नळीत गडद गुलाबी रंग आला आणि तो तक्त्यावरच्या ४५ च्या पुढचा होता. मानकात नायट्रेटला ४५ ही अखेरची मर्यादा आहे, तिच्यात कोणतीही सूट नाही. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरच्या दुधातून असे पाणी गेले तर रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती घटते आणि बाळ निळसर पडू शकते. काकूंच्या घरी दोन महिन्यांची नात आहे. त्या म्हणाल्या, "वहिनी, आम्ही तर तिच्यासाठी पाणी चांगलं वीस मिनिटं उकळतो." उकळल्याने जंतू मरतात, पण नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटल्यामुळे ते अधिक तीव्र होते. त्या दिवसापासून बाळासाठी आमच्या नळाचे उकळलेले पाणी जाते. बोअरचा नमुना त्यांनी प्रयोगशाळेतही दिला आणि तिथेही नायट्रेट मर्यादेबाहेरच आले.

आता दोष. रंगांचा तक्ता साध्या कागदावर छापलेला आहे आणि त्यावर पाणी सांडले की रंग फिके होतात. तो मी आल्या दिवशीच प्लास्टिकमध्ये बंद करून घ्यायला हवा होता. ट्यूबलाइटखाली नायट्रेटचा गुलाबी आणि फ्लोराइडचा पिवळा-गुलाबी यांतल्या छटा ओळखता येत नाहीत, त्यामुळे रंग दिवसा, सावलीत, पांढऱ्या कागदासमोर धरूनच वाचावेत. फ्लोराइडची चाचणी मला सर्वांत कमी विश्वासाची वाटली. एकाच पाण्याचे दोन निकाल १ आणि १.५ असे आले, आणि मानकातली योग्य व चालवून घेण्याची मर्यादा नेमकी हीच आहे. झाबुआसारख्या जिल्ह्यात, जिथे फ्लोराइडने दात आणि हाडे खराब झालेली माणसे आहेत, तिथे अशा चाचणीवर निर्णय घेऊ नये. सूचनापत्र हिंदीत आणि इंग्रजीत आहे, पण अक्षर इतके बारीक की सासूबाईंना भिंगाशिवाय वाचता आले नाही. ऑर्थोटोलिडीन हे विषारी रसायन आहे, ते कातडीला लागू देऊ नये आणि तपासलेले पाणी परत भांड्यात ओतू नये, ही अत्यंत महत्त्वाची गोष्ट शेवटच्या ओळीत लिहिली आहे. ती झाकणावर लाल अक्षरांत हवी होती. काही संचांत याऐवजी डीपीडीच्या गोळ्या मिळतात, ज्यांचा रंग गुलाबी येतो. निवड करता येत असेल तर त्या घ्याव्यात.

जंतूंच्या कुपीचेही ऐकावे किती, हे ठरवून ठेवले पाहिजे. मानक म्हणते की पाण्याच्या १०० मिलिलिटरमध्ये ई. कोलाय हा विष्ठेतून येणारा जंतू एकही सापडता कामा नये, आणि कुपी तपासते फक्त २० मिलिलिटर. म्हणून एक कुपी स्वच्छ राहिली म्हणजे निश्चिंती नव्हे. मी आता एकाच वेळी दोन-तीन लावते. काही वेळा मातीतले निरुपद्रवी जंतूही ती काळी करतात, आणि ज्या बोअरच्या पाण्याला मुळातच सडक्या अंड्याचा वास असतो ते पाणी भरताक्षणीच काळे पडू शकते. विषाणू आणि जिआर्डियासारखे परजीवी तिला कळत नाहीत. किती जंतू आहेत हे ती सांगत नाही. आणि वापरून झालेली काळी कुपी म्हणजे जंतूंची भरलेली बाटलीच असते. तिच्यात ब्लीचिंगचे दाट पाणी ओतून काही तास ठेवल्याशिवाय ती कचऱ्यात टाकू नये. शिसे, आर्सेनिक, कीटकनाशके यांच्यासाठी या पेटीत काहीच नाही. जुन्या पितळी तोट्या आणि जुने पीव्हीसी पाइप यांतून शिसे उतरू शकते. पीव्हीसी पाइपांमधले शिसे टप्प्याटप्प्याने बंद करण्याचे नियम २०२१ मध्ये आले, पण भिंतीत आधीच गेलेले पाइप तिथेच आहेत. अशी शंका असेल तर प्रयोगशाळाच गाठावी. लोक स्वास्थ्य यांत्रिकी विभागाच्या जिल्हा प्रयोगशाळांत नागरिकांचे नमुने अल्प शुल्कात तपासले जातात. जंतूंसाठी नमुना द्यायचा तर निर्जंतुक बाटली तिथूनच आणावी आणि बर्फात ठेवून शक्यतो सहा तासांत पोहोचवावी.

थंडीत एक अडचण आली, जी ग्वाल्हेरकरांना नक्की येईल. डिसेंबरात खोलीतले तापमान १२-१३ अंशांवर उतरले आणि तीन दिवस झाले तरी कुपीत काहीच हालचाल दिसेना. जंतू नाहीत की थंडीने निजले आहेत, हे ओळखायचे कसे? शेवटी पोळ्यांच्या हॉट केसमध्ये कोमट पाण्याची बाटली कापडात गुंडाळून ठेवली, शेजारी कुप्या आणि एक साधा तापमापक ठेवला. दर पाच-सहा तासांनी पाणी बदलले की आत ३२ ते ३६ अंश टिकतात. तो हॉट केस आता पोळ्यांसाठी वापरत नाही, हे वेगळे सांगायला नको.

ज्या घरात बाळ, म्हातारे माणूस किंवा खानावळ आहे, त्या घराने हा संच घ्यावा असे मी स्पष्टपणे म्हणेन. केवळ नळाचे पाणी असेल तर पूर्ण पेटीचीही गरज नाही. क्लोरीनची बाटली आणि कुप्यांचे पाकीट वेगळे मिळते, ते चारपाचशे रुपयांत येते आणि नळाच्या घरात खरा उपयोग त्या दोहोंचाच आहे. बोअर असेल तर नायट्रेटसाठी पूर्ण संच घ्यावा. चारही मुले केव्हाच बरी झाली आहेत आणि ऑगस्टनंतर पडवीत कुणाचे पोट बिघडलेले नाही, पण त्याचे श्रेय कुपीला की नव्या पाइपला की उकळलेल्या पाण्याला, हे मी ठरवू शकत नाही. पहिल्या दहा कुप्या संपल्या, दुसऱ्या पाकिटातल्या सहा शिल्लक आहेत. त्यांची मुदत मार्चअखेर संपते, म्हणजे पावसाळ्यापर्यंत त्या टिकणार नाहीत. मेमध्ये ताज्या कुप्या मागवायच्या आणि पहिल्या मोठ्या पावसाच्या दुसऱ्या दिवशी नळाचा, हौदाचा आणि माठाचा नमुना एकत्र लावायचा, असे सासूबाईंनी कालनिर्णयच्या जूनच्या पानावर पेन्सिलीने लिहून ठेवले आहे.